टेलिफोनवरचा हिरवा दिवा

फेल्डहोवन या डच गावातल्या त्या घरात सगळ्यांत जास्त बोलायचा तो फ्रिज. दर थोड्या वेळाने तो घरघरायला लागायचा, मग हिसका देऊन थांबायचा, आणि तो थांबला की घरात किती शांतता आहे ते कळायचं. कोल्हापूरला आम्ही शिंदेकाकूंच्या माडीवर दोन खोल्यांत राहत होतो. तिथे शांतता अशी नव्हतीच. खाली काकूंची भांडी, वर आईचं मुलांच्या वह्या तपासताना मोठ्याने चाललेलं पुटपुटणं, समोरच्या गिरणीचा पट्टा. इथे ओळीने एकसारखी विटांची घरं, प्रत्येकाच्या मोठ्या काचेच्या खिडकीत दोन कुंड्या, आणि आतल्या माणसांचा म्हणून काही आवाजच नाही. शाळेतून आले की मी दार उघडून आत जायची, दप्तर ठेवायची आणि फ्रिज सुरू होण्याची वाट बघत जिन्याच्या पायरीवर बसायची. हसू येतं आता, पण तो सुरू झाला की मला खरंच बरं वाटायचं.

आज त्याच गावात सायकलच्या रस्त्यावर मराठी ऐकू येतं. यंत्रांच्या मोठ्या कारखान्यातले पुण्या-मुंबईचे इंजिनियर, त्यांच्या बायका, मागच्या सीटवर डचमध्ये उत्तरं देणारी मुलं. गणपतीला हॉल अपुरा पडतो म्हणतात. तेव्हा आमच्यासकट मराठी घरं चार, आणि त्यातल्या दोघांचं आपसात पटत नव्हतं.

बाबा इथे टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत आले होते, कंत्राटावर. आई कोल्हापुरात गणिताची शिक्षिका. तिची नोकरी पक्की, बाबांची कच्ची. म्हणून ठरलं असं, की बाबांची नोकरी कायम झाली की आई राजीनामा देऊन येईल, आणि मी मात्र शाळेचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून आधीच जायचं. दिवाळीपर्यंत होऊन जाईल, असं सगळेच म्हणत होते. मी अकरा वर्षांची होते. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण विमानात बसायला मिळणार होतं.

दिवाळी गेली. बाबा रोज संध्याकाळी स्वयंपाक करायचे, ऑफिसचा शर्ट न बदलता, बाह्या वर करून. आईने दिलेला गोडा मसाला आणि मेतकूट सोडलं तर त्या स्वयंपाकाला घरचं असं काही नव्हतं. इथे स्प्राउट म्हणून लिंबाएवढे कोबी मिळतात. बाबांनी त्यांची गोडा मसाला घालून रसभाजी करायचा ध्यास घेतला होता. ती कडू व्हायची. “पुढच्या वेळी गूळ जास्त घालू,” असं ते दर वेळी म्हणायचे आणि पुढच्या वेळी ती गोड आणि कडू व्हायची. मी मुकाट खायची. शाळेत माझ्या डब्यातल्या पोळीकडे बघून मुलं नाक मुरडायची नाहीत. नुसतं बघायची आणि पुन्हा आपापल्या पावावर चॉकलेटचा चुरा पसरायला लागायची. नाक मुरडलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

रविवारी इथल्या सकाळी दहाला, म्हणजे तिकडच्या दुपारी, आईला फोन. कोल्हापूरला आमच्याकडे फोन नसल्यामुळे ती खाली शिंदेकाकूंकडे येऊन बसायची, त्यामुळे आमचं बोलणं काकू, काकूंच्या सुना आणि दुपारचा चहा यांच्या साक्षीने व्हायचं. तेव्हा आवाज उपग्रहावरून जायचा. इथे बोललेलं तिकडे पोचायला अर्धा क्षण, तिकडचं इकडे यायला अर्धा क्षण. ऐकायला काहीच वाटत नाही, पण त्याने माणसाच्या बोलण्याचा पार विचका होतो. मी बोलून थांबायची. तिकडून काही येत नाही म्हणून पुन्हा सुरू करायची, तेवढ्यात आईचा आवाज येऊन माझ्या आवाजावर आदळायचा. दोघी थांबायचो. दोघी “बोल बोल” म्हणायचो. ते दोन्ही “बोल” वाटेत एकमेकांना ओलांडून जायचे आणि पुन्हा दोघी एकदम सुरू. वीस मिनिटांतली दहा अशी जायची. शेवटी आईने, शिक्षिकाच ती, नियम घालून दिला. आपलं बोलणं संपलं की शेवटी म्हणायचं, “बोल.” ते ऐकल्याशिवाय दुसरीने तोंड उघडायचं नाही.

“स्वेटर घालतेस काय? केस विंचरतंय कोण? बोल.”

“घालते. मीच विंचरते. बाबांना वेणी येत नाही. बोल.”

मागून शिंदेकाकू विचारायच्या, “पोरगी काय म्हणतीया?” आणि आई त्यांना सांगायची, “मजेत आहे.”

बाबा शेजारी खुर्चीत बसून हे ऐकायचे. एका रविवारी फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “मिनू, हे ‘बोल’ फोननेच म्हटलं तर?”

तिथून पुढे जेवणाच्या टेबलावर दोन फोन आले, उघडे, पोटातल्या तारा बाहेर काढलेले. बाबांचं म्हणणं असं, की माणूस बोलणं संपवतो तेव्हा त्याचा आवाज आधी खाली उतरतो आणि मग तो गप्प होतो. श्वास घ्यायला थांबतो तेव्हा आवाज उतरत नाही. फोनला हा फरक ओळखता आला, तर तो दुसऱ्या टोकाला एक खूण पाठवील आणि तिथल्या फोनवर बारीक हिरवा दिवा लागेल. दिवा लागला की बोला. एवढंच. मी एका टोकाला बसून मराठीच्या पुस्तकातले धडे वाचायची, बाबा स्वयंपाकघरातून दिव्याकडे बघायचे. माझं बोलणं मध्येच तुटल्यावर दिवा लागला की ओरडायचे, “चुकला, चुकला!” आणि भाजी करपायची. त्या घरातले तेच दिवस आवाजाचे होते.

आणि भाजी ढवळता ढवळता ते मला टेलिफोनच्या शोधाची गोष्ट सांगायचे. ज्याचं नाव जगातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे त्याची नव्हे, दुसऱ्याची. त्या दुसऱ्याचेही कागद पेटंटच्या कचेरीत त्याच दिवशी पोचले होते. त्याच दिवशी! पहिल्याचे आत गेलेले, याचे मागून आले, आणि मग आधी कोण, चोरी कुणी केली, यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं. त्याच्याही आधी परदेशातून त्यांच्याच देशात येऊन राहिलेला एक तिसरा होता. त्याच्याकडे यंत्र होतं, पण पक्कं पेटंट काही पदरात पडलं नाही. बाबांना या दुसऱ्या-तिसऱ्याची फार हळहळ वाटायची. डाव हातात धरून सांगायचे, “ज्याला सुचलं त्याचं ते नसतं, मिनू. ज्याने वेळेवर लिहून दिलं त्याचं. आणि इथे युरोपात तर लिहून द्यायच्या आधी बाहेर कुणाला सांगितलं तर संपलंच. मग ते सगळ्या जगाचं. तुझं नाही.”

“मला सांगितलंत ते?”

“तू घरची,” बाबा म्हणाले.

कंपनीला कल्पना आवडली. वसंतात अर्ज करायचा ठरलं. शोध लावणारा म्हणून अर्जावर बाबांचं नाव येणार होतं, आणि त्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं, की हा अर्ज दाखल झाला की तुझी नोकरी कायम करून घेणं मला सोपं जाईल. म्हणजे हिशेब सरळ होता: अर्ज गेला की आई येणार. बाबांनी फोनवर आईला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदाच नियम मोडला. “बोल” न म्हणताच ती एकदम हसली, आणि ते हसणं अर्ध्या क्षणाने येऊन आमच्या दोघांच्या बोलण्यावर आदळलं.

अर्जाला चार आठवडे राहिले असताना शाळेत भाषण करायची माझी पाळी आली. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून भाषण करावं लागतं. स्प्रेकब्यूर्ट म्हणतात त्याला. मुलं आपल्या सशावर बोलतात, पोहण्यावर बोलतात, ससा घेऊनही येतात. माझ्याकडे ससा नव्हता. मी टेलिफोन घेतला. बाबांना नुसतं “टेलिफोनच्या शोधावर बोलणार आहे,” असं सांगितलं आणि ते खूश झाले. त्यांना वाटलं, त्या दुसऱ्याला आता तरी न्याय मिळेल.

माझं डच तेव्हा सात महिन्यांचं होतं. त्या दोघांची आणि तिसऱ्याची गोष्ट मी पाठ करून सांगितली आणि वर्ग खिडकीबाहेर बघत राहिला. मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. आमच्या बाई, युफ अन्या, उगाच मान डोलावत होत्या. एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा सगळे माझं ऐकायला बसले होते आणि ऐकत नव्हते. मग मी कागद बाजूला ठेवला. दोन मुलींना पाठीला पाठ लावून बसवलं आणि सान्ने नावाच्या मुलीला उपग्रह केलं. बसलेल्या दोघींनी चिठ्ठीवर वाक्य लिहायचं आणि सान्नेने ते वर्गाला अख्खा फेरा मारून दुसरीला द्यायचं. दोन मिनिटांत गोंधळ. उत्तर येण्याआधी दुसरा प्रश्न, सान्नेच्या हातात पाच चिठ्ठ्या, वर्ग हसून लोळतोय. “असं मी माझ्या आईशी बोलते,” मी म्हणाले, आणि सगळे गप्प झाले. खरंच गप्प. मग मी सायकलचा दिवा काढला. त्यावर चॉकलेटचा हिरवा कागद लावून आणला होता. खरं तर, आणला होता म्हणजे दाखवायचं मनात होतंच. ऐन वेळी सुचलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. दिवा लावून मी दाखवलं, फळ्यावर आवाजाची उतरती रेघ काढली, किती वेळ गप्प राहिलं की फोनने काय समजायचं तेही लिहिलं. युफ अन्यांनी विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून आलं?

“माझ्या बाबांच्या,” मी म्हणाले. “अजून जगात कुणालाच माहीत नाही.”

टाळ्या वाजल्या. दुपारी सान्ने मला तिच्या घरी खेळायला घेऊन गेली. तिच्या आईने मला पावावर चॉकलेटचा चुरा घालून दिला आणि तो खाली कसा सांडू द्यायचा नाही ते शिकवलं. त्या दिवशी मी घरी येऊन फ्रिजची वाट बघितली नाही.

माझं आजचं काम मजेशीर आहे. स्लोटरडाइकच्या स्टेशनशेजारी एका ऑफिसात बसून मी पेटंटचे अर्ज बघते. कुणी म्हणालं ‘हे जगात पहिल्यांदा मला सुचलं’, की त्याच्या आधी कुणी, कुठे, काही बोलून बसलंय का ते शोधायचं. जुनी मासिकं, प्रदर्शनातली पत्रकं, कुठल्या तरी गावच्या व्याख्यानाची टिपणं. असं काही सापडलं की सहकारी खूश होतात. मी होत नाही. मला ते बोलणारं माणूस दिसतं.

त्या भाषणानंतर दोन आठवड्यांनी शाळेत पालकांची भेट होती. प्रत्येकाला दहा मिनिटं. बाबा लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले होते, मी शेजारी. युफ अन्या इंग्रजीत म्हणाल्या, तुमच्या मुलीने कमाल केली, तुमचा शोध तिने इतका छान समजावला की तो माझ्यासुद्धा लक्षात आला. आणि त्यांनी शाळेचं पत्रक पुढे केलं. गावातल्या अडीचशे घरी गेलेलं. त्यात माझी आकृती होती, उतरत्या रेघेसकट, आणि खाली माझं नाव. बाबा “थँक यू” म्हणाले. पत्रकाची घडी घातली, मग तिची अजून एक घडी, मग अजून एक, आणि खिशात ठेवलं.

घरी जाताना सायकलवर ते माझ्या पुढे होते. एरवी प्रत्येक वळणावर, कुणी नसलं तरी, कोल्हापुरी सवयीने घंटी वाजवायचे. त्या संध्याकाळी वाजवली नाही.

घरी त्यांनी बॅगेतून कंपनीचा फॉर्म काढला. तो भरून, सही करून तयार होता. दुसऱ्या पानावर एक प्रश्न होता: ही कल्पना कंपनीबाहेर कुणाला सांगितली किंवा दाखवली आहे का? आणि पुढे दोन चौकोन. ‘नाही’च्या चौकोनात बाबांची ठसठशीत खूण होती.

मला तेवढं डच वाचता येत होतं. “बाबा,” मी म्हणाले, “मुलं होती हो नुसती. ती विसरलीसुद्धा.”

“हं.”

“पत्रक कोण वाचतं? कंपनीत कुणाला कळणार आहे?”

“कुणालाच नाही,” बाबा म्हणाले. “तेच तर.”

“मग राहू दे ना ती खूण. आई येईल ना मग. बाबा, आई येईल.”

मी रडत होते आणि त्यांच्या सदऱ्याची बाही धरून ओढत होते, अकरा वर्षांची घोडी. “मिनू, चूक तुझी नाही,” ते म्हणाले. “कुणाला सांगायचं नव्हतं ते मी सांगितलं. मला दुसरं होतं कोण बोलायला.” आणि मग त्यांनी पेन घेऊन ‘नाही’वरची खूण खोडली, शेजारी सही केली आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. सावकाश, चांगली गडद. मला वाटलं, या माणसाला आईपेक्षा तो चौकोन मोठा आहे. खरं सांगते, आज पेटंटच्या कामाची एवढी वर्षं झाल्यावर, असे फॉर्म हातातून गेल्यावर, बाबा बरोबर होते हे मला नियमासकट सांगता येतं. तरी ती खूण करतानाचा त्यांचा हात आठवला की राग येतो. गेला नाही तो.

आठवड्याभरात निकाल लागला. अर्ज होणार नाही. बाबांचे साहेब भले होते, ओरडले वगैरे नाहीत. कंत्राट आणखी एका वर्षाने वाढवून दिलं, कच्चंच. टेबलावरचे फोन बाबांनी पुन्हा जोडले आणि कंपनीत परत नेले. त्या रविवारी त्यांनी आईला सांगितलं, “नाही जमलं गं. कंपनीने विचार बदलला.” माझं नाव घेतलं नाही. मग फोन माझ्या हातात दिला.

“असू दे,” आई म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू. तू कशी आहेस? बोल.”

मागे शिंदेकाकूंकडे कपबश्या वाजत होत्या. तिला सगळं सांगून टाकायचं होतं. तो अर्धा क्षण गेला, अजून एक गेला. “बरी आहे,” मी म्हणाले. “बोल.”

पुढे दर रविवारी हेच. आई विचारायची, शाळा कशी, मैत्रिणी कशा, मनात काय, बोल. मी एकेका शब्दात उत्तर द्यायची आणि घाईने “बोल” म्हणून पाळी तिच्यावर ढकलायची. सान्नेकडे जाणं मी बंद केलं. तिच्याकडे बघितलं की मला पाच चिठ्ठ्या आठवायच्या. जिन्याची पायरी पुन्हा माझी झाली. आई आली ती दीड वर्षाने, बाबांची नोकरी दुसऱ्याच कामावरून कायम झाल्यावर. तोवर मी तिच्या खांद्याला लागत होते, स्वतःची वेणी कापून टाकली होती आणि झोपेत डच बोलत होते. विमानतळावरून येताना गाडीत ती माझा हात हातात घेऊन बसली होती. घर कसं आहे, हवा कशी आहे असं काहीबाही विचारून सवयीने म्हणाली, “बोल.” बाबा मोठ्याने हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बोलायचं कसं तेच विसरले होते म्हणा, किंवा एवढे दिवस दाबून ठेवलेलं आता काढलं तर तिच्या येण्याचा दिवस नासेल म्हणा. मग तो दिवस गेला, वर्षं गेली. आमच्यात भांडण कधी झालं नाही. चांगल्या वागणाऱ्या दोन माणसांसारख्या आम्ही एका घरात राहिलो.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. आई अजून त्याच घरात आहे, फ्रिज मात्र तिसरा. आठवणींच्या पुस्तकातलं हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मला वाटलं, छापून येण्याआधी तिला सांगितलं पाहिजे. परवा ऑफिस सुटल्यावर स्टेशनच्या फलाटावरून तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. भाषण, सायकलचा दिवा, फॉर्म. पाच मिनिटं मीच बोलत होते. ती मध्ये एकदाही बोलली नाही.

“अगं, मला माहीत आहे,” ती म्हणाली. “‘नाही जमलं’ म्हणाले त्याच रविवारी, तू आंघोळीला गेलीस तेव्हा बाबांनी परत फोन लावून सांगितलं होतं. म्हणाले, तिला काही विचारू नकोस, ती आपणहून सांगेल.”

“आणि तू एवढी वर्षं काही बोलली नाहीस?”

“मी थांबले होते. दर रविवारी विचारत होते की तुला.”

आता फोनवर आवाज लगेच पोचतो, मध्ये काही थांबत नाही. माझी गाडी आली, दारं उघडली, माणसं चढली, गाडी गेली. मी फलाटावर फोन कानाला धरून उभी होते. तिच्या स्वयंपाकघरातला फ्रिज मला ऐकू येत होता.

मग आई म्हणाली, “बोल.”